रात्री तीनची जाग आणि सोफ्रॉलॉजी

सांगलीत हळदीच्या पेढीवर हिशेब पाहताना, आवकेच्या हंगामात माझी झोप रात्री तीनला मोडू लागली आणि खांदे दिवसभर आखडलेले राहू लागले. फ्रान्समध्ये शिकणाऱ्या भाचीने तिकडे रूढ असलेली सोफ्रॉलॉजी, म्हणजे श्वास, हलक्या हालचाली आणि अंगाकडे लक्ष देणे यांतून ताण सैल करण्याची पद्धत, मला फोनवरून शिकवली. मूळचे कोलंबियाचे मनोविकारतज्ज्ञ अल्फोन्सो कायसेदो यांनी ही पद्धत १९६० मध्ये स्पेनमध्ये मांडली. पुढे ते भारतातही आले आणि योगातील बरेच काही त्यांनी तिच्यात सामावून घेतले, हे कळल्यावर मला ती परकी वाटेनाशी झाली.

सुरुवातीला मी अंथरुणात पडूनच व्यायाम करत असे आणि झोप आली का, हे सारखे तपासत राहिल्याने ताण उलट वाढत असे. भाची म्हणाली, "मामा, झोप आणायला बसू नका, अंगाकडे लक्ष द्यायला बसा."

तेव्हापासून मी दिवेलागणीला गच्चीवर उभा राहतो, नाकाने श्वास घेऊन क्षणभर रोखतो, मुठी वळून खांदे पाच-सहा वेळा वर-खाली करतो आणि तोंडाने श्वास सोडताना हात सैल सोडतो. असे तीनदा झाले की खुर्चीत बसून, डोळे मिटून, हातांतली ऊब, जडपणा किंवा मुंग्या, जे जाणवेल ते केवळ न्याहाळतो. माझ्या मते खरा गुण या थांबण्यात आहे आणि घाईत नेमके तेच गाळले जाते.

रक्तदाबामुळे श्वास रोखण्याविषयी मी आधी डॉक्टरांना विचारले होते. दीड महिन्यात खांदे मोकळे झाले. तीनची जाग अजून कधीतरी येते, पण आता लवकरच पुन्हा डोळा लागतो.