भेकर ओळखताना या चुका टाळा

भेकर म्हणजे भुंकणारं छोटं हरीण. आधी नाव नीट लिहा. ‘भेकर’, ‘भेकड’ नव्हे. मोबाईल आपल्या मनाने ‘ड’ टाकतो आणि नवे जंगलप्रेमी न वाचता पुढे ढकलतात. शिवाय भेकड म्हणावं असं ते जनावर नाहीच. वीस-पंचवीस किलोचं असलं तरी नराच्या वरच्या जबड्यातून सुळे बाहेर आलेले असतात. अंगावर आलेल्या कुत्र्याला तो त्यांनीच फाडतो.

दुसरी चूक आवाजाची. बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेला राधानगरीच्या जंगलात मचाणावर होतो. जोडीला एक नवखा. रात्री अडीचच्या सुमारास करवंदीच्या जाळीतून ‘भॉक्’ आलं. पठ्ठ्याने तक्त्यात लिहून टाकलं, ‘कुत्रा – १’. अरे, इथे कुत्रा कुठला! कुत्रा एका दमात चार-पाचदा भुंकतो, सूर खालीवर करतो. भेकर एकच भॉक् टाकतं, थांबतं, पुन्हा तसाच टाकतं, आणि हे कितीही वेळ चालतं. मी दोन हाकांमधलं अंतर बोटांवर मोजतो. पाच-सहा हाका मोजल्याशिवाय पेन उघडत नाही.

भेकर आहे म्हटल्यावर गडी दुसऱ्या टोकाला गेला. ‘म्हणजे बिबट्या!’ आणि मारला टॉर्च. पाण्यावर आलेली सांबरं उधळली, पहाटेपर्यंत काही फिरकलं नाही. बिबट्या नव्हताच. वारं फिरलं होतं आणि याने चोपडलेल्या डासांच्या मलमाचा वास थेट जाळीत जात होता. भेकर आमच्यावरच भुंकत होतं. बिबट्या, अजगर, माणूस, कशावरही ते भुंकतं. रील बघून जंगल शिकलेल्यांना एवढा धीर नसतो.

पिसोरीला भेकराचं पिल्लू म्हणू नका. पिसोरी पूर्ण वाढली तरी सशाएवढीच, तिला शिंगं कधीच येत नाहीत, आणि कुळही वेगळं.

चौशिंगा तर हरीणच नाही, तो कुरंग (अँटिलोप). त्याची शिंगं गळत नाहीत, भेकराची दरवर्षी गळतात. लांबून शिंगं कळत नसतील तर मी तोंड बघतो. भेकराच्या कपाळावरून खाली उतरणाऱ्या दोन काळ्या रेघा दुर्बिणीतून स्पष्ट दिसतात.

झुडपात एकटं, पांढऱ्या ठिपक्यांचं पिल्लू दबून बसलेलं दिसलं तर उचलू नका. आई त्याला लपवून चरायला गेलेली असते आणि तुम्ही तिथे उभे असेपर्यंत ती परतत नाही.