विश्वाचा आकार आणि एकूण ऊर्जा शिकताना

विश्वरचनाशास्त्राचा अभ्यास सुरू केला तेव्हा विश्वाचे प्रसरण वर्णन करणाऱ्या फ्रीडमन समीकरणाची न्यूटनच्या नियमांवर आधारलेली मांडणी मला फार आवडली होती. प्रसरण पावणाऱ्या गोलाच्या पृष्ठभागावरचा एक कण घ्यायचा, त्याच्या गतिज आणि स्थितिज ऊर्जेची बेरीज करायची, आणि ती धन, शून्य की ऋण यावरून विश्व खुले, सपाट की बंद हे ठरवायचे. त्यावरून सपाट विश्वाची एकूण ऊर्जा शून्य असते असा निष्कर्ष मी काढला आणि तो वर्षभर बाळगला. तोंडी परीक्षेत ‘विश्व अनंत असेल, तर बेरीज कुठपर्यंत केलीत?’ असे विचारले गेले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही.

ती ऊर्जा केवळ त्या कल्पित कणाची असते. सामान्य सापेक्षतेत, म्हणजे आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्तात, त्या पदाच्या जागी अवकाशाची वक्रता येते, आणि अनंत सपाट विश्वाच्या एकूण ऊर्जेची सर्वमान्य व्याख्याच उपलब्ध नाही. भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रायॉन यांनी १९७३ मध्ये मांडलेली शून्य ऊर्जेची कल्पना मोहक आहे, पण ती बंद, म्हणजे सान्त, विश्वासाठी होती, हे विसरू नये. नवीन विद्यार्थ्यांनी गणितज्ञ एमी नोएथर यांचा १९१८ चा सिद्धान्त आधी नीट समजून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्यानुसार ऊर्जेची अक्षय्यता कालसममितीतून, म्हणजे काळ पुढे सरकला तरी व्यवस्था तशीच राहण्यातून, येते, आणि प्रसरणशील विश्वात ती सममिती नसते. वैश्विक पार्श्वभूमी प्रारणाचे, म्हणजे आद्य विश्वातून आलेल्या प्रकाशाचे, तापमान सुमारे ३००० केल्विनवरून २.७ केल्विनपर्यंत उतरले, म्हणजे त्यातील प्रत्येक फोटॉनची (प्रकाशकणाची) ऊर्जा सुमारे अकराशे पटींनी घटली. हे गणित स्वतः सोडवले, तेव्हाच माझा गोंधळ फिटला.

आकाराचा प्रश्न मात्र मोजमापाने हाताळता येतो. त्याच प्रारणातील उष्ण आणि थंड डागांचा ठळक कोनीय आकार सुमारे एक अंश आहे. अवकाश वक्र असते, तर तो वेगळा दिसला असता. हे प्रारण मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाची २०१८ ची निरीक्षणे दीर्घिकांच्या सर्वेक्षणांशी जोडल्यावर विश्वाच्या प्रसरणाच्या हिशेबातील वक्रतेचा वाटा ०.००१ ± ०.००२ इतका, म्हणजे शून्याशी, अर्थात सपाट अवकाशाशी, सुसंगत येतो.

येथे ‘सपाट’ याचा अर्थ ताटासारखे चपटे असा नाही, आणि अनंत असाही नाही. त्रिमितीय वलयाकृती विश्व, ज्यात सरळ जात राहिल्यास मूळ जागी परत येता येते, सपाट असूनही सान्त असू शकते. ते पुरेसे लहान असते, तर पार्श्वभूमी प्रारणात एकाच नक्षीची वर्तुळे दोन निरनिराळ्या दिशांना दिसली असती. अशा जोड्यांचा शोध घेतला गेला आहे, आणि आजवर त्या आढळलेल्या नाहीत.