रीफ टँकमध्ये या चुका टाळा: पाणी आटतं, मीठ आटत नाही

घरात खाऱ्या पाण्यात मासे आणि जिवंत प्रवाळ, म्हणजे कोरल, पाळायची टाकी म्हणजे रीफ टँक. मे महिना लागला, पाणी भराभर आटायला लागलं की मला फोन सुरू होतात. ‘दादा, लेदर कोरल आठवडाभर उघडलंच नाही.’ ‘दादा, गोगलगायी काचेवरून गळून पडताहेत.’ मी आधी एकच विचारतो, आटलेलं पाणी कशानं भरताय? उत्तर ठरलेलं: ‘मिठाच्याच पाण्यानं. समुद्राची टाकी आहे ना!’

घात होतो तो इथंच. टाकीतलं पाणी आटतं, मीठ सगळं आतच राहतं. म्हणून रोजची भर गोड्या आरओ-डीआय पाण्याची, म्हणजे गाळून सगळे क्षार काढलेल्या पाण्याची. मीठ कालवलेलं पाणी फक्त पाणी बदलायच्या दिवशी.

माझ्या घरात हे घडलंय. ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये माझी 200 लिटरची टाकी आहे. एका मे महिन्यात दहा दिवस रत्नागिरीला गेलो आणि टाकी भाच्याच्या हवाली केली. पोरगा मन लावून करणारा. पण मी दोन सारखी निळी पिंपं शेजारी ठेवली होती, एकात आरओचं पाणी, दुसऱ्यात मिठाचं, आणि कुठलं कशाचं हे नुसतं तोंडी सांगितलं होतं. टाकीवर दोन पंखे, त्यामुळे रोज तीनेक लिटर पाणी आटायचं. त्यानं रोज तीन लिटर मिठाचं ओतलं. लिटरला 35 ग्रॅम मीठ, म्हणजे दिवसाला 105 ग्रॅम. दहा दिवसांत किलोच्या वर.

परत आलो तर काचेच्या कडेला मिठाची पांढरी पापडी धरलेली. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे क्षारता (पाण्यातलं मीठ) मोजायच्या यंत्रावर, घनता 1.030. क्लीनर कोळंबी मेली होती, झेनिया नावाचं मऊ कोरल चिकट होऊन दगडावरून ओघळलं होतं. क्लाउनफिश तेवढे तगले. अर्धी टाकी उपसून गोडं पाणी भरावं असं फार वाटलं, पण क्षारता एकदम उतरली तर उरलेलं कोरलही जातं. रोज पाच लिटर काढलं, पाच लिटर आरओ घातलं, आटलेल्याची भर वेगळी. सहा दिवसांनी नेहमीचं 1.025 दिसलं. तेव्हापासून मिठाच्या पिंपाच्या झाकणाला लाल चिकटपट्टी आहे आणि टाकीच्या काचेवर पातळीची रेघ. पाणी रेघेखाली गेलं की तेवढंच गोडं पाणी. ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे आटलेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र, जरूर बसवा, पण रेघ आधी मारा.

क्षारता मोजायला काटा फिरणाऱ्या प्लॅस्टिकच्या हायड्रोमीटरवर भरवसा ठेवू नका. काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले की आकडा वर जातो.

दुसरी चूक घाईची, आणि तिचा मला खरोखर त्रास होतो, कारण तीत जीव जातात. शनिवारी टाकी घेतली, रविवारी मासे सोडले, बुधवारी मला फोटो: मासा वर येऊन धापा टाकतोय. त्याच्याच विष्ठेतून अमोनिया तयार झालाय आणि तो पचवणारे जीवाणू दगडावर अजून वसलेलेच नाहीत. अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट, ही साखळी बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. मी मासे नसलेल्या टाकीत कोळंबीचा तुकडा टाकतो, तो कुजून अमोनिया चढतो, आणि टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही पुन्हा शून्य येईपर्यंत मासा आणत नाही. बाटलीतल्या जीवाणूंनी मदत होते, पण बाटली ओतली म्हणून त्याच संध्याकाळी मासा सोडायचा, हे मला पटत नाही. मध्ये वाळूवर तपकिरी थर येतो, तो डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा. घाबरून टाकी धुऊ नका, तो ओसरतो.

मँडरिन मासा तर नव्या टाकीत आणूच नका. तो दिवसभर दगडांतले कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपून खातो. ते नसले की पोट खपाटीला जाऊन उपाशी मरतो. माझी टाकी वर्षाची झाल्यावर मी तो आणला.

स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालत नाही. त्यातला टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर चवीसाठी क्षार परत मिसळतो. टीडीएस मीटरवर शून्य हवं, आणि त्यासाठी उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन लागतं. नळाचं पाणी नकोच, त्यात क्लोरीन असतं. खाडीचं पाणी तर अजिबात नको, मग खाडी घरापासून दहा मिनिटांवर का असेना. त्यात सांडपाणी आहे आणि पावसाळ्यात क्षारता कुठल्या कुठे जाते.

माशाच्या अंगावर येणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध मुख्य टाकीत घालू नका. कोळंबी आणि कोरल दोन्ही मरतात. आजारी मासा वेगळ्या टाकीत.

वीज गेली की पाण्याचा प्रवाह थांबतो आणि प्राणवायू घटतो. बॅटरीवरचा एअर पंप सेल घालून हाताशी ठेवा.

झोआ, म्हणजे बटणांसारखी मऊ कोरलं, ज्यावर वाढलीत तो दगड कधीही उकळू नका. त्यातल्या पॅलिटॉक्सिन या विषानं माणसं दवाखान्यात गेली आहेत. कापताना हातमोजे आणि चष्मा.

आणि कोरल कुठून आलं ते विचारा. आपल्या समुद्रातली सगळी दगडी प्रवाळं आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहेत. मालवणहून पिशवीत घालून आणलेला तुकडा घेऊन माझ्याकडे सल्ला मागायला येऊ नका. तो मी टाकीत लावून देणार नाही.