दोन दिवसांची मुंबई: हॉटेल कुठे घ्यायचं?

गेटवे, वस्तुसंग्रहालय, काळा घोडा, मरीन ड्राइव्ह बघायचं असेल तर हॉटेल फोर्ट, चर्चगेट किंवा कुलाब्यातच घ्या. उत्तरेकडच्या उपनगरांत, अंधेरी-साकीनाक्याला खोली स्वस्त दिसते, पण सकाळी आठ ते अकरा लोकलची गर्दी दक्षिणेकडेच वाहते आणि संध्याकाळी उलट. म्हणजे दोन्ही वेळा तुम्ही गर्दीसोबतच. वाचलेले पैसे टॅक्सीत जातात, वेळ जातो तो वेगळाच.

फोर्टातल्या जुन्या इमारतींत लॉज बरेचदा तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर असतात. बुकिंगआधी फोन करून विचारा: लिफ्ट आहे का आणि चालू आहे का? खिडकी बाहेर उघडते की पॅसेजमध्ये? बाथरूम खोलीतच आहे ना? फोटोत पडदा दिसला म्हणजे मागे खिडकी असेलच असं नाही! पावसाळ्यात बिनखिडकीची खोली कुबट होते, कपडेही वाळत नाहीत.

चेक-आउट दुपारी बाराचं की खोली घेतल्यापासून चोवीस तासांचं, हेही विचारा. पहाटेच्या गाडीने येणाऱ्यांना चोवीस तासांचं परवडतं. रात्रीची परतीची गाडी असेल तर बॅगा रिसेप्शनवर ठेवू देतात का, तेही आधीच ठरवून घ्या. आणि घारापुरी करायची असेल तर सोमवार टाळा, लेणी बंद असतात.