‘गेट’चे अर्थ पाठ करू नका

लालबागला एका मंडळाच्या खोलीत संध्याकाळी मी बोलायचं इंग्रजी शिकवते. नवीन येणाऱ्यांच्या वहीत हमखास एक यादी असते: ‘गेट’ म्हणजे मिळणे, आणणे, होणे, पोचणे, समजणे... पानाच्या खालपर्यंत. बोलायची वेळ आली की त्या यादीचा काडीचा उपयोग होत नाही, म्हणून मी आधी ती वही मिटायला लावते.

‘गेट’कडे बघूच नका. त्याच्या पाठोपाठ काय आलंय ते बघा, अर्थ तिथे सापडतो.

वस्तू आली तर मिळणे किंवा आणणे. ‘आय गॉट अ सीट’, ‘गेट मी अ वडापाव’. हे सगळ्यांना येतं, पुढे चला. विशेषण आलं की होणे: ‘गेट वेट’ भिजणे, ‘गेट अँग्री’ चिडणे. फक्त ‘आय गॉट लेट’ हे आपलं देशी आहे. मुंबईच्या ऑफिसात कुणी हटकणार नाही, पण बाहेरच्या माणसाशी बोलताना ‘आय वॉज लेट’ म्हणा, नाहीतर ‘आय गॉट डिलेड’. ठिकाण आलं की पोचणे, आणि मध्ये ‘टू’ हवा: ‘गेट टू दादर’, ‘गेट टू द ऑफिस’. होम, हिअर आणि देअर या तिघांना मात्र ‘टू’ लावायचा नाही. ‘आय गॉट होम ॲट नाइन’ बरोबर, ‘गॉट टू होम’ चूक. ही चूक बी.ए. झालेलेही करतात.

चढण्या-उतरण्याची गंमत वेगळी. ज्या वाहनात उभं राहून चार पावलं टाकता येतात त्याला ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’: लोकल, बेस्टची बस, मेट्रो, विमान, मांडव्याची लाँच. ज्यात वाकून शिरावं लागतं त्याला ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. रिक्षा आमच्या बाजूला येतच नाही, माहीम-सायनलाच तिची हद्द संपते, त्यामुळे माझ्या क्लासचा सराव काळ्या-पिवळ्या टॅक्सीवर चालतो. सायकल आणि मोटरसायकल पुन्हा ‘ऑन’मध्ये, कारण त्यांच्या आत शिरायचा प्रश्नच नाही. आणि आपलं लाडकं ‘गेट डाउन’? दादरला उतरणाऱ्या माणसाला दारातल्या गर्दीत ‘आर यू गेटिंग डाउन?’ बिनधास्त विचारा. लंडनच्या ट्यूबमध्ये मात्र ‘गेटिंग ऑफ’. तिकडे ‘गेट डाउन!’ असं कुणी ओरडलं तर खाली वाका, असाही अर्थ होतो.

आता जिथे खरा वेळ घालवायचा ते. ‘गेट’, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. ‘आय गॉट माय हेअर कट.’ आपण म्हणतो ‘केस कापून घेतले’, अगदी तेच. ‘आय कट माय हेअर’ म्हटलंत तर ऐकणारा समजेल की आरशासमोर कात्री तुम्हीच चालवली. ब्लाउज शिवून घेतला, ‘आय गॉट माय ब्लाउज स्टिच्ड’. सोसायटीने टाकी धुऊन घेतली, ‘वुई गॉट द टँक क्लीन्ड’. मराठीत ‘करून घेणे’ आलं की जीभ ‘गेट’कडे वळलीच पाहिजे. माणसाला कामाला लावायचं असेल तर त्याच्यापुढे ‘टू’ येतो: ‘गेट द प्लंबर टू कम टुडे’. प्लंबर खरंच येईल की नाही ते व्याकरणाच्या हातात नाही.

मधली वस्तू काढून ‘गेट’ला थेट तिसरं रूप जोडलं की ती गोष्ट आपल्यावर ओढवते किंवा घडते. ‘माय फोन गॉट स्टोलन’, ‘ही गॉट ट्रान्सफर्ड’, ‘शी गॉट मॅरिड’. कुणाशी लग्न झालं ते सांगताना ‘टू’ वापरा, ‘विथ’ नको. मराठीतला ‘शी’ डोक्यात असतो म्हणून ‘विथ’ तोंडात येतो.

आणखी एक जोडी आहे, ती घोटूनच घ्या. ‘आय गॉट टू सिट’ म्हणजे बसायला मिळालं. ठाण्याहून चढलात, विक्रोळीला समोरची बाई उठली, तुम्ही टेकलात. ‘आय हॅव गॉट टू सिट’ म्हणजे मला बसावंच लागणार, पाय मोडलाय. एका ‘हॅव’ने मिळण्याचं लागणं होतं. बोलताना दुसऱ्याचं ‘आय गॉटा’ होतं, मालिकांत ऐकू येतं ते हेच.

बाकी उरलेले जोडीदार वाक्यात भेटतील तसे उचला. फोन लागत नाही, ‘आय कान्ट गेट थ्रू’. जेमतेम भागतं, ‘वुई गेट बाय’. जावांचं पटतं, ‘दे गेट अलाँग’. ऑफिसच्या मेलमध्ये मात्र ‘गेट’ जरा आवरा. ‘वुई गॉट युअर लेटर’ चुकीचं नाही, पण बँकेला लिहिताना ‘रिसीव्ह्ड’ शोभतं.

उच्चाराचं एक सांगते. देवनागरीत चर्चगेटचा गेट आणि हा गेट सारखेच दिसतात. चर्चगेटचा ‘गे’ लांबवायचा, ह्याचा झटकन तोडायचा. ‘फर्गेट’मध्येही हाच तोकडा गेट बसलाय, दोघांचं मूळ एकच. सुटा ‘गेट’ इंग्रजीत आला तो व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतून.

‘गॉटन चालेल का?’ असं ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत ते हटकून विचारतात. तिकडे चालतं, तिथल्या बोलण्यात ‘हॅव गॉटन’ म्हणजे मिळालंय आणि ‘हॅव गॉट’ म्हणजे जवळ आहे. आपल्याकडचं इंग्रजी ब्रिटिश वळणाचं, इथे दोन्हीकडे ‘गॉट’च लिहा. नातवंडांशी फोनवर बोलताना हवं तर ‘गॉटन’ म्हणा, त्यांना बरं वाटेल.