साडेतीन महिन्यांचे डोस: एकाच दिवशी तीन सुया

दीड, अडीच आणि साडेतीन महिने हे तान्ह्या बाळाच्या लसीकरणाचे जन्मानंतरचे पहिले तीन टप्पे आहेत. त्यांपैकी साडेतीन महिन्यांचा, म्हणजे १४ आठवडे पूर्ण झाल्यावरचा टप्पा पालकांना फार जड जातो. शासकीय वेळापत्रकानुसार त्या दिवशी बाळाला पोलिओ आणि रोटाव्हायरस (बाळांना जुलाब घडवणारा विषाणू) यांची लस तोंडाने पाजून शिवाय तीन इंजेक्शने द्यायची असतात. दीड महिन्यालाही याच पाच लसी असतात. परंतु साडेतीन महिन्यांचे बाळ चेहरा ओळखते, आईकडे बघून रडते, आणि मग ‘‘सिस्टर, आज एकच द्या, बाकीच्या नंतर घेऊ,’’ असे शब्द आईच्या तोंडून निघतात.

ही काळजी स्वाभाविक आहे, पण लसी अशा वाटून घेऊ नयेत. बाळाचे शरीर दूध पिताना, बोटे चोखताना, घरातल्या माणसांच्या कडेवर खेळताना रोज असंख्य जंतूंना तोंड देत असते. त्यापुढे या लसींचा भार लहान असतो, आणि त्या एकत्र दिल्या तरी परिणामकारक व सुरक्षित राहतात हे तपासूनच वेळापत्रक आखलेले आहे. शिवाय अनेक गावांत अंगणवाडीतले लसीकरण सत्र महिन्यातून एकदाच भरते. तेव्हा ‘नंतर’ म्हणजे पुढचा महिना, आईच्या कामाचा आणखी एक खाडा, बाळाचे दुसऱ्यांदा रडणे, आणि तोवर डांग्या खोकल्यासारख्या आजाराला दार उघडे. तान्ह्या बाळाला डांग्या खोकला जिवावर बेततो, म्हणून हा महिना वाया घालवणे मला योग्य वाटत नाही.

जाताना माता-बाल संरक्षण कार्ड न विसरता घ्यावे आणि बाळाला सैल झबले घालावे, म्हणजे दंड व दोन्ही मांड्या पटकन उघड्या करता येतात. साधी सर्दी, थोडा खोकला किंवा किरकोळ जुलाब असले तरी लस देता येते. मात्र जोराचा ताप असेल, बाळ दवाखान्यात दाखल करण्याइतके आजारी असेल किंवा मागच्या डोसनंतर झटका आला असेल, तर ते लस देण्यापूर्वीच सिस्टरांना सांगावे. ताप येईल या भीतीने घरून निघतानाच पॅरासिटामॉल पाजू नये.

बाळाला टेबलावर आडवे धरण्यापेक्षा आईने मांडीवर घट्ट कवेत घ्यावे. तोंडाने देण्याच्या लसी आधी पाजून घ्याव्यात. रोटाव्हायरसच्या लसीआधी किंवा नंतर स्तनपान थांबवण्याची गरज नसते. मग बाळाला अंगावर घेऊन, ते नीट ओढू लागले की सुया टोचून घेतल्यास रडणे लवकर शमते. पोलिओच्या इंजेक्शनचा डोस अवघा ०.१ मिलिलिटर असतो. तो उजव्या दंडावर त्वचेतच दिला जातो, त्यामुळे तिथे लहानसा फुगवटा दिसतो आणि थोड्या वेळाने आपोआप विरतो. पेंटाव्हॅलंट ही पाच आजारांवरची लस डाव्या मांडीत आणि न्यूमोकोकलची, म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या एका जंतूवरची लस उजव्या मांडीत देतात. जागा अशा वेगळ्या ठेवल्याने पुढे सूज आली तर ती कोणत्या लसीची हे ओळखता येते, म्हणून कार्डावरील नोंद तिथेच पाहून घ्यावी. टोचलेली जागा चोळू नये आणि त्यानंतर अर्धा तास केंद्रातच बसावे. तीव्र ॲलर्जी क्वचितच होते, परंतु झाली तर बहुधा याच वेळात, आणि तेव्हा उपचार हाताशी असले पाहिजेत.

पेंटाव्हॅलंटमध्ये घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (न्यूमोनिया व मेंदूज्वर करणाऱ्या एका जंतूचा संसर्ग) या पाच आजारांवरची लस असते. यांपैकी डांग्या खोकल्याच्या घटकामुळे त्या रात्री ताप येणे, मांडी लाल व कडक होणे, बाळाने किरकिर करणे हे नेहमीचे आहे आणि ते बहुधा एक-दोन दिवसांत ओसरते. मांडीवर स्वच्छ ओल्या फडक्याची घडी ठेवावी. हळद, तेल किंवा बटाट्याचा काप लावू नये. बाळाला दुपट्यात गुंडाळून ठेवू नये आणि वारंवार अंगावर पाजावे.

तापाच्या औषधाबाबत एका गोष्टीकडे नीट लक्ष द्यावे. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत साधारणपणे दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते, तर सौम्य सिरपमध्ये ५ मिलिलिटरला सुमारे १२५ मिलिग्रॅम, म्हणजे थेंब सिरपच्या चौपट तीव्र असतात. घरात मोठ्या भावंडाची बाटली असते, रात्रीच्या घाईत हात तिच्याकडे जातो आणि मात्रा चुकते. म्हणून बाळाच्या त्या दिवशीच्या वजनानुसार किती मिलिलिटर द्यायचे ते डॉक्टरांकडून किंवा सिस्टरांकडून केंद्रातच लिहून घ्यावे आणि तो कागद त्याच बाटलीला रबराने बांधून ठेवावा. ॲस्पिरिन मुळीच देऊ नये.

बाळ तीन तासांहून अधिक काळ सलग रडत राहिले, झटका आला, अंग लुळे पडले, श्वासाला त्रास झाला, सतत उलट्या होऊ लागल्या किंवा शीमधून रक्त पडले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आशाताईंनाही कळवावे, म्हणजे त्याची नोंद होते.

एखादा डोस चुकला असेल तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेल्या लसींपैकी वयाला चालणाऱ्या सर्व लसी त्याच भेटीत घेता येतात, आणि एकाच लसीच्या दोन डोसांत किमान चार आठवडे, तर पोलिओच्या इंजेक्शनच्या आणि न्यूमोकोकलच्या पहिल्या दोन डोसांत किमान आठ आठवडे ठेवतात.

यानंतरची भेट थेट नऊ महिने पूर्ण झाल्यावर असते, आणि एवढ्या अवधीत कार्ड हरवते, बिऱ्हाड बदलते, तारीख विसरते. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडी परिसरात गोवर पसरला तेव्हा लस राहून गेलेल्या मुलांना त्याची झळ बसली. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस उजव्या दंडावर, पोलिओचे इंजेक्शन डाव्या दंडावर आणि न्यूमोकोकलचा बूस्टर मांडीत, अशा पुन्हा तीन सुया असतात. गोवर-रुबेलाच्या लसीचा ताप मात्र त्याच रात्री न येता सहसा आठवड्याभराने येतो. नवव्या महिन्याच्या भेटीची ही तारीख घरी पोहोचताच भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावी, आणि वर्ष बदलत असेल तर नव्या दिनदर्शिकेत उतरवून घ्यावी.