एआयकडे निवाडा मागू नका, समोरच्याची बाजू मागा

भावाशी, जावेशी, सोसायटीच्या सेक्रेटरीशी वाजलं की हल्ली बरेचजण मोबाइल काढून चॅटजीपीटीला किंवा जेमिनीला विचारतात, "यात माझं चुकलं का?" विचारायला हरकत काहीच नाही. रात्री अकरा वाजता कुणाला फोन करायचा हा प्रश्न असतोच, आणि घरातली गोष्ट नातेवाइकांत पसरण्याची भीतीही असते. पण या यंत्राला एक खोड आहे. ते विचारणाऱ्याच्याच बाजूने झुकतं. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीला त्याचा एक अपडेट मागे घ्यावा लागला, कारण तो लोकांची नको तितकी हांजी हांजी करू लागला होता. त्याच वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांनी अशी ११ एआय मॉडेल्स तपासली. माणसं एखाद्याच्या वागण्याला जितक्यांदा "बरोबर केलंस" म्हणतात, त्याहून ही मॉडेल्स सुमारे ५० टक्के जास्त वेळा म्हणत होती. अशी पाठराखण मिळालेल्यांची "मीच बरोबर" ही खात्री वाढली आणि भांडण मिटवण्याची तयारी कमी झाली. मला काळजी वाटते ती याची.

म्हणून पद्धत बदलायची. एक उदाहरण घेऊन बघू.

समजा, वडील गेले. कळव्यातला फ्लॅट त्यांच्या कमाईचा, त्यांच्याच नावावर. धाकटा भाऊ आईला घेऊन तिथेच राहतो. वडिलांचं आजारपण त्यानेच काढलं. ऐरोलीत भाड्याच्या घरात राहणाऱ्या बहिणीला तो म्हणतो, "ताई, हक्कसोडपत्रावर सही कर." ताईने करावी का?

आधी कायद्याचा भाग बाजूला काढा

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत: ताईचा हक्क किती, आणि तो सोडणं योग्य का. पहिल्याचं उत्तर कायद्यात आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर अशा फ्लॅटमध्ये आई, मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. वडिलांची आई हयात असेल तर तिचाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असतं आणि एकदा नोंदवलं की मागे फिरणं फार कठीण. त्यामुळे हा भाग मोबाइलवर सोडू नका, वकिलाला दाखवा. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, आणि महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते. हे अजून किती जणींना ठाऊक नसतं!

एआयसमोर न्यायचा तो दुसरा प्रश्न.

"मी" काढून लिहा

"माझा भाऊ मला फसवतोय" असं लिहिलंत की निकाल तुम्हीच लावून टाकलात. त्याऐवजी असं लिहा: "एक बहीण आणि एक भाऊ आहेत. वडिलांच्या आजारपणात भाऊ सोबत होता. बहिणीची परिस्थिती बेताची आहे. भावाला फ्लॅट एकट्याच्या नावावर हवा आहे." यातली कोण तुम्ही, ते सांगू नका. "स्वार्थी", "कायम असंच करतो" असे शब्द गाळा. घडलं तेवढंच ठेवा. नावं, फ्लॅट नंबर, आधार, आईच्या आजाराचे कागद यातलं काहीही टाकू नका. त्या माहितीवर घरातल्या इतरांचाही हक्क आहे.

मग बाजू उलटी करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दोन नवीन चॅट उघडा. एकात तीच गोष्ट ताईच्या तोंडून लिहा, दुसऱ्यात भावाच्या तोंडून. अगदी मनापासून, तो जसा बोलेल तशी: "तीन वर्षं रात्री-अपरात्री बाबांना दवाखान्यात मी नेलं. ताई सणावाराला यायची. आता तिला वाटा हवाय." मग दोन्हीकडे विचारा, यात माझं बरोबर आहे का?

दोन्ही चॅटमध्ये "तुमचंच बरोबर" असं उत्तर आलं, तर त्या निवाड्याला काडीची किंमत नाही. दोन्हीकडे जे टिकलं तेवढंच उचला. उदाहरणार्थ, दोन्हीकडे "भावाच्या सेवेची दखल कुणी मोकळेपणाने घेतलेली नाही" किंवा "आईला काय हवंय ते कुणी विचारलेलंच नाही" असं निघालं, तर हाताला काहीतरी लागलं.

शब्द बदलले की उत्तर बदलतं हे जुनं दुखणं आहे. सिएटलच्या ॲलन इन्स्टिट्यूट फॉर एआय या संशोधन संस्थेने २०२१ मध्ये डेल्फी नावाची, योग्य-अयोग्य सांगणारी प्रणाली लोकांसमोर आणली. लोकांनी दिलेल्या सतरा लाख निवाड्यांवर ती शिकवलेली होती. तरी प्रश्नाला "सगळ्यांना आनंद होत असेल तर" असं शेपूट जोडलं की ती भलत्यासलत्या गोष्टींनाही मान डोलवायची.

खरं तर ही पायरी करताना अर्धं काम यंत्राशिवायच होतं. भावाच्या तोंडची चार वाक्यं प्रामाणिकपणे लिहिताना त्याचा थकवा दिसायला लागतो.

काय माहीत नाही, ते विचारा

"निर्णय देऊ नकोस. निर्णयाआधी कोणते प्रश्न विचारायला हवेत तेवढे सांग." ही ओळ जशीच्या तशी वापरा. फ्लॅटचं कर्ज फिटलंय का, पुढे आईला कोण सांभाळणार, घर विकायचा विचार आहे का, असे प्रश्न येतील. त्यातल्या ज्यांची उत्तरं तुमच्याकडे नाहीत, ती भावाकडेच मिळतील.

आपल्या घरची रीत सांगा

ही मॉडेल्स शिकली ती मुख्यतः इंग्रजी मजकुरावर. त्यामुळे "तुमच्या मर्यादा आखा, गरज पडल्यास संबंध तोडा" हा सल्ला फार पटकन येतो. माहेर तुटणं म्हणजे काय, भाऊबिजेला कुणाच्या दारात उभं राहायचं, हे यंत्राला आपणहून उमगत नाही. म्हणून स्पष्ट लिहा: "नातं टिकवायचं आहे, पण हक्कही गिळायचा नाही. मधले मार्ग सांग." आई हयात असेपर्यंत फ्लॅट न विकणं, वाट्याची रक्कम हप्त्यांनी देणं, सेवेचा मोबदला धरून वाटे थोडे कमी-जास्त करणं, असे पर्याय मिळू शकतात. उलट बाजूही लक्षात ठेवा: "बहिणीने सोडायचंच असतं" ही आपली रीत आहे म्हणून ती न्याय्य ठरत नाही. यंत्राने तसं सुचवलं तर "का?" म्हणून अडवा.

घरात मारहाण, धमकी किंवा जबरदस्तीने सही घेणं चालू असेल, तर यातलं काहीही करत बसू नका. ११२ वर फोन करा. महिलांसाठी १८१, ज्येष्ठांसाठी १४५६७.

मेसेज एआयकडून लिहून घेऊ नका

"तुझ्या भावनांचा मी आदर करते" असं वाक्य भावाला व्हॉट्सॲपवर गेलं तर तो पहिल्या शब्दाला ओळखेल की हे ताईचं बोलणं नाही. शक्य असेल तर लिहूच नका. ऐरोलीहून कळवा लांब नाही. रविवारी जा, आईलाही सोबत बसवा. एआयच्या उत्तराचा स्क्रीनशॉट पुढे करू नका, "एआयसुद्धा म्हणालं" असंही म्हणू नका. सुरुवात त्याच्या बाजूने करा: "बाबांचं सगळं तू केलंस, हे मी कधी तोंडाने बोलले नाही. आधी ते बोलू, मग सहीचं बघू." आणि त्या दिवशी कुठल्याही कागदावर सही करू नका.